जोडीला जुंपलेली

माझ्या मायला अक्षरओळख नव्हती, पण पाढा म्हणताना कुणी अडखळलं की तिला बराबर कळायचं. दिवेलागणीला ती चुलीपुढं भाकरी थापायला बसायची आणि मला नि धर्माला समोरासमोर बसवायची. धर्मराज माझा भाऊ, माझ्याहून वर्षाने थोरला. शाळेत आमची नावं एकाच दिवशी घातली होती, म्हणून वर्ग एकच. दोघांनी एकदम पाढे सुरू करायचे, जो आधी थांबेल तो हरला. जिंकणाऱ्याला पहिल्या भाकरीचा पापुद्रा, वर तेल-तिखट.

तो पापुद्रा मीच खायचे. मी एकोणिसाच्या पाढ्यावर असायचे तेव्हा धर्मा तेराच्या पाढ्यात गटांगळ्या खात असायचा.

"बघ रे धर्मा, मथी कशी झरझर म्हणून राह्यली," माय म्हणायची. "पोरीची जात असून! अन् तू मिशा फुटायचा गडी, तोंड शिवल्यावानी बसलास."

शेजारच्या बाया आल्या की पुन्हा तेच. आमची मथुरा लई हुशार, मास्तर म्हणत्यात हिला शिकवा. मला आभाळ ठेंगणं व्हायचं. गावात एवढ्या पोरी, पण आपल्याच मायच्या तोंडून एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला येत होतं? धर्मा पाय आपटत उठायचा आणि थोड्या वेळाने पाटी घेऊन मुकाट्याने परत बसायचा. मी पापुद्रा चघळत त्याला वेडावून दाखवायचे.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढची आष्टीला, ती लांब आणि मध्ये ओढा. माझा मामा पुंजाराम नवीन जालन्यात बियाण्याच्या एका दुकानात कामाला होता. एका लेकराला ठेवून घेतो म्हणाला, दोघं मामीला झेपायची नव्हती. मायनं चुलीपुढंच जाहीर करून टाकलं, "चौथीला ज्याचा पहिला नंबर, त्यानं जालन्याला जायचं. मंग रडारड न्हाई पाहिजे." बापाने मान हलवली. घरातलं सगळं मायच बघायची.

त्या वर्षी मी अभ्यासाचा पिच्छाच पुरवला. शेण गोळा करताना पाढे, शेळी चारताना कविता. जालन्याची शाळा मी पाहिलेलीही नव्हती, पण तिथं माझी बसायची जागासुद्धा मी ठरवून ठेवली होती. धर्माही आता मागं नव्हता. हरून हरून त्यालाही चेव आला होता, तोही एकोणिसाला येऊन भिडला.

शहाऐंशी साली एक मेला निकाल लागला. पहिला नंबर माझा, दुसरा धर्माचा. मायनं माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि मी त्या दिवशीच पत्र्याच्या पेटीत माझे कपडे भरायला घेतले.

जूनमध्ये मामा न्यायला आला. सकाळी उठून बघते तर माय पेटीतून माझे झगे काढून दोरीवर टाकत होती आणि धर्माचे सदरे घडी घालून आत ठेवत होती.

"माय, ही माझी पेटी हाय."

"ठाव हाय गं."

"पहिला नंबर माझा आल्ता!"

"आल्ता की. कोण न्हाई म्हणतंय?"

मी भोकाड पसरलं. ती रागावली नाही. मला जवळ ओढून तिने पदराने माझं नाक पुसलं आणि मोठ्या मायेने समजावलं, "येडी का काय तू? नवा गोऱ्हा एकला औताला चालतो का? त्याला चालत्या बैलाच्या जोडीला जुंपावं लागतं, मंग त्याची चाल सुधारती. धर्मा नुसता हुंदडत होता. पोरीपुढं हरायची लाज वाटली म्हणून तर अभ्यासाला लागला. लई उपकार झाले बाई तुझे."

तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. माझं कौतुक करताना ती कधी माझ्याकडं बघायचीच नाही, बघायची धर्माकडं. ते शब्द माझ्यासाठी नव्हतेच. तिने मला चार फटके मारले असते तर इतकं लागलं नसतं.

धर्मा गेला. दिवाळीला परत आला तो सहामाहीत नापास होऊन. "तिथं कोणी न्हाईच समोर," तो मला एकटीला म्हणाला. मायला त्याने काय सांगितलं ठाऊक नाही, पण भाऊबीज झाली आणि माय म्हणाली, "मथे, आटप. तुलाबी जालन्याला जायचंय."

यावर मी भाळले. एकदा तोंड पोळलेलं असताना पुन्हा भाळले, याचा राग मला आजही येतो. मी शाळेचा निळा परकर घालून आष्टीहून एसटीत बसले आणि जालन्यापर्यंत खिडकी सोडली नाही.

मामी बाळंत झाली होती. मी पाण्याचा तांब्याही न घेता विचारलं, "मामी, माझी शाळा कोणती?"

मामी हसली. "शाळा? दाखला दिला का तुझ्या मायनं संगं?"

दाखला नव्हता.

"मंग? बाळाला बघायचं, धुणं-भांडी करायची अन् सांजच्याला धर्मासमोर बसायचं. आक्कांचा तसाच निरोप हाय."

संध्याकाळी मामाने आम्हाला समोरासमोर बसवलं. "हं, एकोणतीसचा. दोघं संगंच."

धर्माने सुरुवात केली. मी तोंड उघडलं नाही.

"म्हण की गं."

"मला न्हाई येत."

"बरं, सतराचा?"

"न्हाई येत."

"अगं, दोनचा तरी?"

"न्हाई येत."

"खोटं बोलून राह्यली, मामा!" धर्मा रडकुंडीला आला. "तिला समदं येतं! माझ्यापक्षा जास्त येतं!" माझं इतकं खरं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं. पण मी हटले नाही. मामाने कान पिरगाळला, मामीने उपाशी निजवायचा धाक घातला, रोज संध्याकाळी माझं उत्तर तेच. शेवटी वैतागून मामाच मला गावी पोचवायला आला.

"आक्का, या पोरीत काही दम न्हाई," तो चुलीपाशी बसून म्हणाला. "तू उगंच हिची तारीफ करत होतीस. दोनचा पाढा येत न्हाई हिला."

मी मायकडं बघत राहिले. माझी सगळी आशा आता तिच्या तोंडातल्या एका वाक्यावर होती. शाळा नको, जालना नको, तिने फक्त एवढं म्हणावं की माझी पोर हुशार आहे, पुंजाराम, तिला सगळं येतं. तिने स्वतःच्या कानांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. तिला ठाऊक नसेल तर कुणाला ठाऊक असणार?

मायनं भाकरी उलटली. "ऱ्हाऊ दे रे. पोरींचं असंच असतं. चौथीपर्यंत चमकत्यात, पुढं काय न्हाई," ती म्हणाली आणि मला म्हणाली, "बसलीस काय? आडावरनं पाणी आण."

मी घागर उचलली. दाराबाहेर पडले आणि माझ्या अंगाची आग आग झाली. मी अंगणात उभी राहून ओरडून म्हणायला लागले, एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. कुठंही न अडखळता शेवटपर्यंत म्हटला. मामा बघायला दाराशी आला. माय आतच होती. भाकरी थापायचा आवाज क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला आणि आतून ती म्हणाली, "मथे, धर्मा तर जालन्याला हाय. मंग कुणासाठी म्हणून राह्यलीस?"