काजळीचं तोंड

माडग्याळकडच्या सिद्धूला आपली एकशे बारा मेंढरं तोंडावरून ओळखता येतात, आणि त्याच्या पोरीला त्यातलं एक तोंड धड काढता येत नव्हतं. एवढीच राणीची अडचण. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, कुपवाडच्या कारखान्यात आठ तास ड्रिल मशीनवर उभी राहणारी पोर जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मेंढीचं नाक काढत बसते, तिलाच विचारा काय एवढं ते!

सुरुवात झाली ती तडकलेल्या फोनवर. फुकटचं ॲप आणि ब्रश म्हणजे स्वतःचं बोट. तेही मशीनवर राठ झालेलं, काच त्याला दादच देईना. मग करंगळीनं काढायचं. पहिली मेंढी अशी काही झाली की शेजारच्या मशीनवरच्या अंजनानं तिला ‘मोत्या, यू यू’ म्हणून हाक मारली. राणीनं दोन दिवस तिला डब्यातलं लोणचं दिलं नाही.

पण पोर चिवट. कान कोरायची काडी घेतली, कापूस ओला केला, त्यावर चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद लपेटला, आणि काच मुकाट्यानं वळणावर आली. त्या काडीवर तिनं दोन वर्षं काढली. रेघ एकाच जाडीची निघायची, त्यामुळं ती कुठं ओढायची याचा विचार आधी करावा लागे. हात बसला तो तिथंच.

मग आला जुना टॅब, पेनासकट. राणीला आभाळ ठेंगणं झालं. पेन दाबलं की रेघ जाड, सैल सोडलं की बारीक. एका थरावर तोंड, दुसऱ्यावर सावली, तिसऱ्यावर मागचा माळ. एक थर बिघडला तरी बाकीचे शाबूत. त्यात तिला लोकरीचा तयार ब्रश सापडला. फिरवला की कुरळी लोकर हजर! त्या मेंढीला इन्स्टाग्रामवर इतके बदाम मिळाले की अंजनासुद्धा गप्प झाली.

राणी रविवारी एसटीनं गावी गेली ती टॅब छातीशी धरूनच. सिद्धूआबांनी चष्मा लावला, चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

“कुणाची हाय ही?” आबांनी विचारलं.

“कुणाची म्हंजे? आपली काजळी हाय की, आबा.”

“काजळी? न्हाई बा.” आबांनी मान हलवली. “लोकर झ्याक हाय. कातरायला बरी. पर ही आपल्या कळपातली न्हवं.”

राणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. हजार लोकांनी वाहवा केली आणि जन्मदात्यानं ओळख दाखवली नाही! आई, रंगुबाई, आबांवर तणतणली, “आवं, पोरीचं मन राखायला व्हय म्हणा की!” त्यावर आबा साधेपणानं म्हणाले, “खोटं कसं म्हणू? मेंढरं उद्या इचारतील.” राणीला राग आला, पण त्यांचं खरं होतं हेही कळलं. डोळ्यांभोवती काजळ असलेल्या मेंढ्या कळपात तीन. थोरली, तिची बहीण आणि तिची लेक. तिघींना वेगवेगळं ओळखायचं कशावरून, हे आपण कधी बघितलंच नाही.

म्हणून त्या दिवशी ती टॅब घरी ठेवून आबांच्या मागं माळावर गेली. थोरली काजळी जरा बाजूला उभी होती. चरत होती, पण नाकपुडी ताणलेली, एक कान मागं, डोळा अर्धा मिटलेला. आबांनी लांबूनच ओळखलं. कमरेला खोचलेला काट्याचा चिमटा काढला, तिचा पुढचा डावा पाय उचलला आणि खुरातून बाभळीचा काटा ओढला. राणी पायाकडं नाही, तोंडाकडं बघत राहिली.

कुपवाडला परत आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर तो लोकरीचा ब्रश पुसून टाकला. हातात एकच साधा ब्रश ठेवला, काडीच्या रेघेसारखा. थर, सावल्या सगळं होतं, पण आता ते तिचं ऐकत होतं. तीन महिने, जेवणाच्या सुट्टीतला अर्धा-अर्धा तास. डोळा सतरा वेळा पुसला. अंजना म्हणाली, “अगं, पाय कुठायत हिचे? नुसतं तोंडच?” राणी म्हणाली, “तोंड जमलं तर लय झालं.”

पुन्हा रविवार. आबा दारात तंबाखू मळत बसलेले. राणीनं टॅब त्यांच्यापुढं धरला.

आबांनी बघितलं. मळायचा अंगठा थांबला.

“हे कवा काढलंस?”

“आजच पुरं झालं, आबा.”

आबा ताडकन उठले. तंबाखू अंगणात सांडली. कमरेचा चिमटा काढत ते तरातरा मेंढरांकडं निघाले. राणीला वाटलं, एवढं करून परत कुठं चुकलं आपलं? ती त्यांच्यामागं पळाली.

आबांनी तिघींतून बरोबर थोरल्या काजळीला धरलं, पुढचा डावा पाय उचलला, खूर दाबून बघितलं, फाकवून बघितलं. काहीच नव्हतं. काजळीनं पाय झटकला आणि ती चरायला लागली.

“पाय तर बरा हाय,” आबा बुचकळ्यात पडून म्हणाले. “मग तोंड असं का केलंय तिनं?”

“आबा,” राणी म्हणाली, “ते तोंड त्या दिवशीचं हाय. काटा तुमीच काढला हुता की.”

आबांनी चिमटा कमरेला खोचला. मग त्यांनी टॅब मागून घेतला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि घराकडं तोंड करून गावभर ऐकू जाईल अशी हाक दिली,

“रंगे! भाईर ये! आपल्या पोरीनं काजळी काढलीया!”