डबीतला गंज

"काका, बाटली समोर, कागद समोर, आता काय मुहूर्त काढताय?" धाकट्या साहेबाने पेन पुढे केलं.

डबीवाले काका बाटलीकडे बघतच राहिले. त्यांचं काम एवढंच: कारखान्यात नवा माल शिजवायचा तर आधी त्याचा चमचाभर नमुना अंगठ्याएवढ्या पोलादी डबीत घालायचा, हळूहळू तापवायचा आणि तो किती अंशांवर आपोआप भडकतो ते कागदावर लिहून सही करायची; त्याशिवाय माल शिजत नसे. लोक म्हणत, काका चहातसुद्धा थेंबाथेंबाने दूध घालतात आणि दर थेंबाला दोन पावलं मागे सरतात. कँटीनमध्ये त्यांचं दूध वेगळं ठेवावं लागे!

"नमुना काचेतला," काका म्हणाले. "माल शिजणार जुन्या लोखंडी टाकीत. तिचा गंज कुठाय?"

"गंज काय मसाला आहे घालायला?"

काकांनी टाकीच्या तोंडाचा चिमूटभर गंज खरवडून आणला. नुसता नमुना एकशेचाळीसपर्यंत गरीब गाईसारखा बसून राहिला. गंज घातलेला मात्र सत्तरलाच असा उसळला की झाकण छताला जाऊन आपटलं. टाकी चालणार होती ऐंशीवर.

साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. "थांबवतो. कारण लिहून सही करा." मग हळूच, "काका, नऊ वर्षांपूर्वी अशाच मालाचा कागद तुम्हीच दिला होतात ना? काचेतल्या नमुन्यावर?"

तेव्हा तो माल टाकीतच भडकला होता आणि त्या स्फोटात काकांचा थोरला भाऊ गेला होता. चौकशीत ठरलं, त्यानेच घाईने व्हॉल्व्ह उघडला. काकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. एवढी रसायनं तपासली, पण आपलाच कागद चुकला असेल, ही मनातली एक शंका कधी डबीत घातली नाही.

त्यांनी लिहिलं: 'गंजासह सत्तर. चालवू नये. मागच्या वेळी मी गंज तपासला नव्हता.' खाली सही केली.

दुपारी कँटीनमध्ये त्यांच्याआधी बातमी पोचली होती. चहाच्या किटलीपाशी वहिनी उभ्या होत्या, त्या भावाची बायको; कँटीनचा चहा त्याच करत.

"भाऊजी, म्हणजे यांची चूक नव्हती?"

"नव्हती, वहिनी. माझी होती."

"नऊ वर्षं फोटोला बोलतेय मी. घाई नडली तुम्हाला, म्हणून."

टाकीवरचे अकरा जण खिदळत जेवायला बसले. वहिनींनी एकेकाला चहा दिला. मग काकांसाठी वेगळं ठेवलेलं दूध किटलीत ओतलं, त्यांचा कप विसळला, पुसला आणि फळीवर पालथा घातला.