तुरीच्या वावरातला पाहणारा

माणसाने पाहिलं नाही तर हे विश्व असूनही नसल्यासारखं, हे बापूजींना दिवाळीच्या आधी मोबाईलवरच्या एका व्हिडिओतून कळलं आणि तेव्हापासून बोरी अरबच्या शिवारात विश्वाची सगळी जबाबदारी त्यांच्या एकट्यावर येऊन पडली. चहाच्या टपरीवर भेटेल त्याला ते पकडत. लोक मान डोलवत आणि मोटारसायकलला किक मारत. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने, कोकिळाबाईंनी, एकदा तरी म्हणावं की तुमचं बराबर हाय.

कोकिळाबाई म्हणत, "ते इश्व राहू द्या. वानेरं तूर खाऊन राह्यले, तिकडं पाहा."

म्हणून बापूजी रोज वावरात राखणीला बसत. तिथे एक बुजगावणं आधीपासून होतं. ते कोकिळाबाईंनीच उभं केलेलं, अंगात बापूजींचा जुना चौकड्यांचा सदरा, डोक्याला त्यांचाच दुपट्टा. वानरांनी त्याला चार दिवसांत ओळखलं होतं.

त्या दुपारी बापूजी बाभळीखाली चैतन्याचा विचार करत होते, म्हणजे डोळे मिटून बसले होते. पावलं वाजली तसे त्यांनी डोळे उघडले. कोकिळाबाई डबा घेऊन धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून आल्या, त्यांना ओलांडून सरळ बुजगावण्यापाशी गेल्या आणि डबा त्याच्या पायाशी ठेवला.

"जेवून घ्या. आज तांदूळ खुशीनं निवडले, खडे नाही लागणार."

बायको थट्टा करतेय, असं बापूजींना वाटलं. नातीचं, खुशीचं, नाव मध्ये घालून बरं सोंग काढलंय! गंमत बघावी म्हणून ते गप्प राहिले. बुजगावणंही गप्प राहिलं.

"रागावले का? सकाळी चहात मीठ पडलं म्हून? डबे सारखेच दिसतात मले."

त्यांनी समजूत काढायला सदऱ्याची बाही धरली, तर हातात नुसता कडबा आला. त्या दचकल्या, चहूकडे पाहू लागल्या. दहा पावलांवर बसलेल्या नवऱ्यावरून त्यांची नजर दोनदा फिरली आणि दोन्ही वेळा पुढे गेली.

बापूजींना एकेक आठवू लागलं. दोन महिने भातात खडे, चहात मीठ. त्यांनी तो बायकोचा राग समजून तिला समभावावर प्रवचनं दिली होती.

"कोकिळे, मी इकडं हावो," ते कसेबसे म्हणाले. "तुले दिसत नाही? सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं तं होतं. दिवाळीले. समदं धुकं धुकं दिसते म्हणलं." आवाजाच्या रोखाने चाचपडत त्या जवळ येऊन बसल्या. "तुमी म्हणले, डोळे कुठं पाहतात, पाहणारं आतमधी असते. मंग दवाखान्यात जावं कायले? म्या लय इचार केला. तुमचं बराबर हाय."

बापूजींना हुंदका आवरेना. बायकोचा हात घट्ट धरून ते म्हणाले, "उद्या यवतमाळले जाऊ. पयल्या गाडीनं. डोळे दाखवू."

"जाऊ ना. पण आधी उठा," तुरीकडे कान देत कोकिळाबाई म्हणाल्या. "वानेरं शिरले."

बापूजींनी तेव्हा कुठे वळून पाहिलं. आठ-दहा वानरं होती, आणि बऱ्याच वेळची होती.