शेपटीतलं वजन

विमानाला इंजिन नव्हतं तोवर टेलरची त्याच्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. उलट लाडच होता. दुकानामागच्या शेडमध्ये बायकोनं लाकडाचा आणि लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा केला, तेव्हा त्याच्यावर कापड चढवायचं काम त्यानं आपणहून मागून घेतलं होतं. पंखांवर ते ढोलासारखं ताणून त्यानं अशी शिवण घातली की बोट फिरवलं तरी टाका लागू नये. पँटची उंची द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो गळ्यात टेप तसाच ठेवून मागे न्यायचा आणि पंख दाखवायचा. "आमच्या मंडळींचं विमान," असं म्हणताना त्याची छाती कापड न ताणताही ताणली जायची. इंजिन नसलेलं विमान म्हणजे शेवटी पंख फुटलेलं कपाट. ते कुठं पळून जाणार होतं?

बायको तंत्रशाळेत लेथ शिकवायची. शाळेतली मुलं तिला मास्तरीण म्हणत, म्हणून घरातही तेच नाव पडलं होतं. विमान चालवायचा परवाना तिनं कधीचा काढून ठेवला होता, आणि टेलरनं त्याकडे, लोक घरातल्या न वापरलेल्या क्रोकरीकडे बघतात तसं बघितलं होतं. असू दे, शोभा आहे. एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली, "आता इंजिन बघायला हवं."

टेलरनं चहात बुडवलेलं बिस्किट तसंच धरून ठेवलं.

"एवढी काय घाई आहे?" तो म्हणाला.

"सहा वर्षं झाली, अहो."

सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्या लेकीकडेच राहायच्या. अंगानं चिमणी, जिभेनं ससाणा. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "बिस्किट चहात पडलं तुमचं."

इंजिनं दोन होती. एक मेहुण्याकडचं. मेहुण्याचं गॅरेज होतं आणि तिथं एका मोडीत निघालेल्या व्हॅनचं इंजिन कोपरा अडवून बसलं होतं. मेहुण्याला ते बहिणीला द्यायचं होतं, म्हणजे खरं तर कोपरा मोकळा करायचा होता. "ताई, हे इंजिन म्हणजे बैल आहे बैल," तो सांगायचा. "मरणार नाही, थकणार नाही." दुसरं इंजिन शेजारच्या गावात राहणाऱ्या एका निवृत्त वैमानिकाकडे होतं. त्यानं आपलं जुनं विमान मोडलं होतं, पण इंजिन उराशी धरून ठेवलं होतं. ते विमानाचंच, हवेवर थंड होणारं, व्हॅनच्या इंजिनाहून बरंच हलकं.

"बैल पाणी पितो," मास्तरीण भावाला म्हणाली. "त्याला रेडिएटर लागणार, पाणी लागणार, पुढच्या पंख्यासाठी वेगळा गिअर लागणार. हे सगळं नाकावर. विमान म्हणजे तराजू असतो. नाक जड झालं तर उतरताना ते वर येत नाही आणि तोंडावर आपटायची वेळ येते. शेपूट जड झालं तर वर जाताना सावरत नाही. आधी वजनं करू, मग ठरवू."

तिची वजन करायची रीत साधी होती. धान्याच्या दुकानातून तीन काटे आणायचे आणि विमानाच्या तिन्ही चाकांखाली एकेक ठेवायचा. नाकावर इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या लटकवायच्या, एकदा वैमानिकाच्या इंजिनाएवढ्या, एकदा बैलाएवढ्या. कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघितलं की तोल कळतो. रविवारी करायचं ठरलं.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून टेलर एकटाच शटरच्या आत बसून राहिला. त्याला विमान नको नव्हतं. त्याला बायको जमिनीवर हवी होती. हे सरळ सांगितलं असतं तर ती हसली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे हसली नसती. मग त्याच्या डोक्यात कल्पना आली. विमानच वजनाला जास्त भरलं तर? कुठलंही इंजिन त्याला पेलेनासं झालं तर बिचारी मास्तरीण काय करणार? कपाट कपाटच राहील, आणि दोष कुणालाच नाही.

दुकानात बापाच्या वेळच्या दोन लोखंडी इस्त्र्या पडून होत्या, शेगडीवर तापवायच्या, एका हातानं उचलताना खांदा बोलेल अशा. विमानाच्या शेपटीजवळ आत हात घालता यावा म्हणून कापडाला त्यानंच एक खिडकी ठेवली होती, दोरीनं बांधायची. त्यानं इस्त्र्या जुन्या कोटाच्या अस्तरात गुंडाळल्या, आत सरकवल्या, नळीला घट्ट बांधल्या आणि खिडकीची दोरी ओढून सुबक गाठ मारली. आयुष्यात त्यानं पुष्कळ खिसे शिवले होते, पण इतका समाधानानं भरलेला एकही नाही.

रविवारी काटे लागले. मेहुणा बाह्या सरसावून आला. सासूबाई स्टूल घेऊन बसल्या. पहिल्यांदा वैमानिकाच्या इंजिनाएवढी वाळू लटकवली. मास्तरिणीनं काट्यावरचे आकडे वाचले, कागदावर मांडले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"शेपूट जड येतंय," ती म्हणाली. "हे इंजिन चालणार नाही."

टेलरनं हळहळल्यासारखं केलं. त्याला वाटलं, आपण फार चांगले नट झालो असतो.

मग बैलाएवढी वाळू चढली. मास्तरिणीनं पुन्हा वाचलं, पुन्हा मांडलं. तिनं बेरीज आणखी एकदा तपासली. शेवटी भावाकडे वळून म्हणाली, "कमाल आहे. तोल अगदी मधोमध बसतोय. तुझं इंजिन चालेल."

मेहुण्यानं टाळी वाजवली. टेलरच्या तोंडचं पाणी पळालं. बायको तराजू म्हणाली होती ते त्यानं ऐकलं होतं, पण नीट मनावर घेतलं नव्हतं. शेपटीत लोखंड टाकलं की नाकावर लोखंड पेलतं, हे त्याच्या आता लक्षात आलं. एरवी जे इंजिन नाक जड म्हणून तिनं दारातूनच परत पाठवलं असतं, त्याला त्यानं स्वतःच्या हातानं पाट मांडून बसवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"एकूण वजन मात्र काठावर आलंय," मास्तरीण म्हणाली. "मागच्या सीटवर हलकंच माणूस बसू शकेल."

"म्हणजे माझ्यासारखं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि वजन वाढलं कशानं तेच कळत नाही. अहो, तुम्ही कापड दुहेरी लावलंत का? का रंगाचे हात जास्त मारलेत?"

टेलरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी जाड म्हटलं नव्हतं. "माझी शिवण..." तो म्हणाला आणि थांबला. शिवणीची बाजू घ्यायची तर इस्त्र्या बाहेर काढाव्या लागत होत्या. "असेल," तो म्हणाला. "थोडी जाड झाली असेल."

"भाऊजी, वय होतं माणसाचं," मेहुण्यानं समजूत घातली. "दोरा दिसत नाही मग."

बुधवारी मेहुणा टेम्पोतून बैल घेऊन येणार होता. सोमवारी टेलरनं एका पँटला दोन्ही पाय डावे लावले. त्याच्या मनात एकच चक्र चालू होतं. इस्त्र्या आत राहिल्या तर कधीतरी सुटून आतल्या तारांत अडकतील. गुपचूप काढल्या तर विमान नाकानं जड, आणि त्यात बसणार मास्तरीण. नुसती युक्ती म्हणून घातलेली गाठ आता बायकोच्या गळ्याशी आली होती. तिला जमिनीवर ठेवायच्या नादात त्यानं तिला तोंडावर पाडायची तयारी केली होती.

मंगळवारी ती शाळेत गेल्यावर तो शेडमध्ये शिरला. खिडकी उघडून त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला. पहिली इस्त्री निघाली. दुसरी निघता निघता मागून आवाज आला.

"काय विणताय, जावईबापू?"

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. कधीपासून, देव जाणे. टेलरचा हात शेपटीत आणि मान दाराकडे, अशा अवस्थेत तो अडकला.

"आई, मी... कचरा काढत होतो."

"कचऱ्याला मूठ आहे."

त्यानं दुसरी इस्त्री बाहेर काढली आणि खाली बसून सगळं सांगून टाकलं. भीती वाटते हेही सांगितलं. सासूबाईंनी मध्येच तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "भीती मलाही वाटते. ती झाडावर चढायची तेव्हापासून वाटते. मी शिडी लपवायचे. मग ती शिडीशिवाय चढायला शिकली. तुम्ही तर शिडीला आरीच लावलीत."

"मग आता काय करू?"

"पुन्हा वजन करायला लावा. कसं ते तुमचं तुम्ही बघा. मी काही बोलणार नाही." त्या उठल्या. "पण मागच्या सीटवर पहिली मी."

संध्याकाळी जेवताना टेलरनं भाताचा ढीग इकडून तिकडे केला आणि म्हणाला, "आमच्या धंद्यात कापड कापण्याआधी दोनदा मोजतात."

"बरं मग?"

"मग काही नाही. एकदाच मोजून इंजिन चढवायचं म्हणजे मला बरं वाटत नाही."

मास्तरिणीनं त्याच्याकडे पाहिलं. सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या. जेवण झाल्यावर तिघांनी दिवे लावून पुन्हा काटे मांडले. व्हॅनच्या इंजिनाची वाळू चढली आणि आकडे वाचताच मास्तरिणीच्या भुवया वर गेल्या. नाक जड, चांगलंच जड. वैमानिकाच्या इंजिनाची वाळू लटकवली तर तोल सरळ, आणि मागच्या सीटला पुरेसं वजन शिल्लक.

ती उठून शेपटीपाशी गेली. खिडकीच्या दोरीची गाठ तिनं चिमटीत धरून पाहिली. घाईत बांधलेली, ओबडधोबड, टेलरच्या हातची वाटू नये अशी. मग तिनं शेडच्या कोपऱ्यातल्या हत्यारांच्या कपाटाखाली पाहिलं, जिथून कोटाच्या अस्तराचं टोक डोकावत होतं.

"अहो," ती म्हणाली, "रविवारी तुमची शिवण जड होती. आज हलकी झाली."

"हो का?"

"वाळली असेल."

"वाळली असेल," टेलर म्हणाला. सासूबाईंना अचानक खोकला आला.

ती पुढं काहीच बोलली नाही, आणि तीच खरी शिक्षा होती. खाई त्याला खवखवे. टेलरला सगळी रात्र खवखवलं. पहाटे उठून बसला आणि म्हणाला, "जागी आहेस?"

"आहे."

"मला भीती वाटत होती."

"माहीत आहे."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

तिनं विचार केला. "नाही," ती म्हणाली. "पण माझ्या भीतीचं मी काय केलं ते तुम्हाला सांगितलं असतं." आणि मग खरंच सांगितलं. पहिल्यांदा एकटीनं विमान उडवून उतरल्यावर ती झुडपाआड जाऊन कशी रडली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे त्याला ठाऊक नव्हतं.

बैल गॅरेजच्या कोपऱ्यातच राहिला. मेहुणा आठवडाभर फुगून राहिला, मग त्यानंच वैमानिकाकडून इंजिन आणायला टेम्पो दिला. वैमानिकानं ते लोखंडी चौकटीवर बसवून चालवून दाखवलं. टेलर आधी लांब, भिंतीला चिकटून उभा होता. आवाज सुरू झाला तसा तो एक पाऊल पुढं आला, मग आणखी एक. त्यानं तेलाबद्दल विचारलं, प्लगबद्दल विचारलं, आवाज मध्येच बदलला तर काय समजायचं तेही विचारलं. वैमानिक कंटाळला तरी हा थांबेना. शेवटी मास्तरिणीनं त्याची बाही ओढली. "हेच घेऊ," तोच तिला म्हणाला, जणू ती नाही म्हणत होती.

इंजिन चढलं, तपासणी झाली, विमान गावाबाहेरच्या धावपट्टीवर नेलं, आणि एका वारा नसलेल्या सकाळी मास्तरीण एकटीच वर जाऊन आली. टेलरनं तेवढ्या वेळात मेहुण्याच्या दंडावर असा पंजा रोवला की पुढं चार दिवस बोटं मोजता येत होती. पुढच्या फेऱ्या तिनं एकटीनंच केल्या. विमानाबद्दल खात्री पटल्यावरच सासूबाईंचा नंबर लागला. स्वेटरवर स्वेटर घालून त्या मागच्या सीटवर चढल्या आणि खाली उतरल्या तेव्हा केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. वाऱ्यानं आलं, असं त्यांचं म्हणणं.

"जावईबापू, तुमच्या दुकानाच्या पत्र्यावर कुणाचा तरी चेंडू पडलाय," त्या म्हणाल्या. "जा, बघून या."

टेलर चढला. पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. धावपट्टीवर त्यानं डोळे मिटले आणि चाकांची खडखड थांबली तरी उघडले नाहीत. मग इंजिनाचा एकसुरी आवाज ऐकता ऐकता त्यानं एक उघडला. खाली नदी होती, रस्ते होते, आणि लोक होते ते दिसतच नव्हते.

"ठीक आहात ना?" मास्तरिणीनं मागं न वळता विचारलं. "फिरू का परत?"

टेलरनं दुसरा डोळाही उघडला. थोडं पुढं नदीवर पूल दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे गावं संपून नुसती हिरवळ सुरू होत होती.

"इतक्यात नको," तो म्हणाला. "त्या पुलापर्यंत तरी जाऊ."