आटलेलं औषध

ग्राहकांच्या खोलीतली माशांची टाकी तपासायला, अशा टाक्यांची निगा राखणाऱ्या बाई गॅरेजात शिरल्या आणि आधी त्यांना पेंटरचं तोंड दिसलं. डावा डोळा सुजून मिटलेला, उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. तशाच हातानं तो एका गाडीला पॉलिश पेपर घासत होता.

"काय झालं रे?"

"दारात सापडली. बोटं आत आहेत हे बघूनच दाजींनी दार आपटलं."

दाजी म्हणजे गॅरेजचा मालक, पेंटरच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. जीव काय तो त्या समुद्री माशांच्या टाकीवर. तिच्यातल्या दगडांवर गुलाबी शेवाळाचा कडक थर असायचा, मुलामा दिल्यासारखा. दोन महिन्यांपासून तो पांढरा पडून सुटत चालला होता.

"मग तुला का मारतात?"

"तुम्ही फोनवर सांगितलंत ना, तेव्हापासून."

बाईंना तो फोन आठवला. तीन आठवड्यांपूर्वी मालकाचा फोन आला तेव्हा त्या दुसऱ्याच कुणाच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभ्या होत्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं म्हणून गेल्या होत्या, "शेजारी रंगकाम चालतं ना? थिनरची वाफ असेल."

"निघून का जात नाहीस इथून?"

"ताई वर राहते. मी गेलो की सगळं तिच्यावर निघेल."

तेवढ्यात मालक आला, पेंटरला खोलीच्या दारात उभं करून बाईंच्या मागोमाग टाकीपाशी गेला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. "नीट तपासा, बाई. याच्या तोंडावर ऐकायचंय मला."

बाईंनी नळीत टाकीचं पाणी घेऊन क्षारता मोजायचं औषध थेंब थेंब सोडलं. आठ-नऊ थेंबांत निळ्याचं पिवळं व्हायला हवं होतं. सतरा पडले तरी पाणी निळंच, म्हणजे क्षारता दुपटीच्या घरात. कॅल्शियम मोजलं, ते पार तळाला गेलेलं. टाकीतला पंप बाहेर काढून पाहिला, तर त्यावर चुन्याचं पांढरं कवच.

"पाण्यात काय घालता तुम्ही?"

"क्षारतेची पावडर. रोज मोजतो, रोज कमीच येते."

"मोजायचं औषध दाखवा तुमचं."

बाटलीचं झाकण तडकलेलं होतं आणि औषध बुडाशी गेलेलं. त्याच पाण्यात या बाटलीचे सहा थेंब पडले आणि पाणी पिवळं झालं.

'पाणी बदलू, सुधारेल,' एवढं बोलून सुटता आलं असतं. बाईंची नजर त्या पट्टीवर गेली.

"औषध आटून जास्त तीव्र झालंय. थोड्याच थेंबांत रंग बदलतो, म्हणून आकडा कमी दिसतो. तुम्ही पावडर ओतत राहिलात, सगळं कॅल्शियम पंपावर जाऊन बसलं. शेवाळाला काय उरणार? थिनरचा संबंध नाही. फोनवर मी न बघता बोलले, ती माझी चूक. पण हे झालंय तुमच्याच हातानं."

मालकानं बाटलीला झाकण लावलं आणि ती नीट जागेवर ठेवली. मग बाईंचे केस धरून त्यांचं कपाळ कपाटाच्या कडेवर आपटलं.

पेंटर धावत आला. मालकानं त्याला मानेला धरून उचललं आणि तोंड टाकीत दाबलं. पट्टीचा हात काचेवर आपटत राहिला. बुडबुडे आले, मग नाकातल्या रक्ताचा धागा वर चढला, मासे कोपऱ्यात गोळा झाले. "घे," मालक हळू आवाजात म्हणत होता, "पी तुझं थिनर."

बाईंच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. उंबऱ्यापाशी पडलेला चाकाचा पाना हाताला लागला. पहिला फटका खांद्यावर बसला, त्यानं पकड सोडली नाही. दुसरा कोपरावर. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि तो खाली कोसळला. बाईंनी तिसऱ्यांदा पाना उचलला, तो डोक्याचा नेम धरून.

"मॅडम, पुरे." ओकता ओकता पेंटरनं त्यांचं मनगट धरलं.

वरून बहीण उतरली. कळवळणाऱ्या नवऱ्याकडे तिनं क्षणभर पाहिलं, भावाला विचारलं, "श्वास येतोय ना?" मग रुग्णवाहिकेला आणि पोलिसांना फोन केला.

"मी मारलं म्हणून सांगते," ती बाईंना म्हणाली. "माझ्या अंगावरचे वळ दाखवले की झालं."

"नको. माझ्या बोलण्याचा मार यानं खाल्ला. आता माझं मी निस्तरेन."

बाईंवरचा खटला आठ महिने चालला. बहीणभावांनी साक्ष दिली, बाई सुटल्या. पहिल्या दोन फटक्यांबद्दल सरकारी वकिलानं उलटसुलट विचारलं. तिसऱ्यांदा उगारलेल्या पान्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि बाईही बोलल्या नाहीत. पेंटरचा जीव घ्यायला निघाला म्हणून मालक तुरुंगात गेला. त्याचा कोपर पुन्हा सरळ झाला नाही. पेंटरचं एक बोट कायमचं ताठ राहिलं, तरी तो डाव्या हातानं फवारा मारायला शिकला. बहीण आता त्याच्याच घरी राहते. दार आपटलं की अजून दचकते.