कापडी कोपरे

जुन्नर तालुक्यातली कुठलीही सरकारी वही उसवली, की ती फिरून फिरून अन्सारच्या दुकानात यायची. तलाठ्यांची दप्तरं, ग्रामपंचायतींच्या नोंदवह्या, सोसायट्यांची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट. बाजारपेठेतल्या त्या आठ फुटी गाळ्यात बसून अन्सार त्यांना नवे पुठ्ठे चढवायचा आणि चारी कोपऱ्यांना लाल कापडाचे त्रिकोण डकवायचा. आधी कोपरा मरतो, मग वही मरते, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. खळ घरी शिजवलेली. तिला कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचा, त्यामुळे बारा महिने त्याच्या नखांवर निळी झाक. लग्नातला फोटो काळापांढरा निघाला म्हणून अब्रू राहिली, असं त्याची बायको हाजराबी म्हणायची.

सानिया ही त्यांची थोरली. लहानपणी ती अब्बांच्या समोर बसून पानांचे गठ्ठे धरायची. वह्यांची तोंडं अब्बांकडे असायची, त्यामुळे ती वाचायला शिकली तीच उलट्या बाजूनं. शाळेत बाई पुस्तक सरळ करून द्यायच्या, तेव्हा हिला चुकल्यासारखं व्हायचं.

तर ही सानिया १९९८ साली पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिनं अमेरिकेत जाऊन पुढचं शिकायचं डोक्यात घेतलं होतं. पैशांचं काय, हा प्रश्न घरात कोणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. वाट एकच होती. तिथलं विद्यापीठ निवडक मुलांना प्रयोगशाळेत काम देतं, फी माफ करतं आणि वर खर्चाला पैसे देतं. ते मिळालं तर जायचं, नाहीतर नाही. प्रवेश परीक्षेच्या फीपायी दुकानातलं कटिंग मशीन गेलं. तेव्हापासून अन्सार कडा हातानं, सुरीनं कापायचा, आणि मशीनपेक्षा आपली सुरी सरळ चालते म्हणून सांगायचा. पोरींच्या वसतिगृहात कोणी आठ विद्यापीठांना अर्ज करत होतं, कोणी दहा. सानियाची ऐपत एका अर्जाची होती.

अर्जासोबत तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागत. ती पत्रं विद्यार्थ्यानं बघायची नसत. प्राध्यापकानं पाकीट बंद करायचं, झाकणावर अर्धी वर आणि अर्धी खाली अशी सही ठोकायची, आणि ती बंद पाकिटं विद्यार्थ्यानं आपल्या अर्जाबरोबर एकत्र पाठवायची. विभागप्रमुख सरांनी दीड महिना फिरवून डिसेंबरात पत्र दिलं. दुसऱ्या दोघांनी दिलं. तिन्ही पाकिटं डबल पिशवीत घालून सानिया शिवाजीनगरला एसटीत बसली.

मंचरच्या स्टँडवर तिनं सहज पिशवीत हात घातला आणि पाकिटं बाहेर काढली. सरांच्या पाकिटाचं झाकण उघडं होतं. ऑफिसातल्या शिपायानं डिंकात पाणी ओतून ओतून त्याचं सरबत केलेलं. ते वाळलं तसं झाकण आपोआप वर आलं, आणि आतल्या कागदाची पांढरी कड दिसत होती. आपल्याबद्दल लिहिलेलं पत्र, दोन बोटांच्या अंतरावर. मंचरपासून जुन्नरपर्यंत सानिया त्या झाकणावर तळहात दाबून बसली. शेजारच्या बाईनं हात दुखतो का म्हणून विचारलंसुद्धा. तिनं पत्र वाचलं नाही.

घरी येऊन तिनं ते अब्बांना दाखवलं. अन्सारनं पाकीट उजेडात धरलं आणि वैद्यानं दुसऱ्या वैद्याची पुडी हुंगावी तसा वास घेतला.

"एवढं मोठं कॉलेज, आन् डिंक आसला?" तो म्हणाला. "ठेव इथं. मी बगतो."

दुसऱ्या दिवशी सानियाला अर्जाच्या फीचा डॉलरमधला ड्राफ्ट काढायला परत पुण्याला जावं लागलं, कारण जुन्नरच्या बँकेत तसला ड्राफ्ट मिळत नव्हता. संध्याकाळी ती आली तेव्हा तिन्ही पाकिटं दुकानातल्या फळीवर, पुठ्ठ्याखाली, वजन ठेवून वाळत होती. अब्बांनी वजन उचललं. झाकणं अशी बसली होती की नख शिरू नये. सहीचे वरचे आणि खालचे तुकडे भिंगातून बघून केसाला केस लावून जुळवले होते. आणि तिन्ही पाकिटांच्या चारी कोपऱ्यांना लाल कापडाचे त्रिकोण.

सुटलं एक होतं, तिन्हींना कशाला हात लावला, असं तिनं विचारलं. अब्बांना प्रश्नच कळला नाही. उरलेल्या दोन्हींचा डिंकही तसलाच पाणचट होता. किटलीच्या वाफेवर ती सोडवून घेतली आणि आपल्या खळीनं बसवली. आतल्या कागदाला आपण बोट लावलं नाही, हेही अब्बांनी सांगितलं.

"आन् एका कामाच्या तीन वह्या तीन तऱ्हेच्या दिसल्या, तर गिऱ्हाईक काय म्हणंल?"

सानिया हसली. इथंच सांगून टाकायला हवं, की तीही फसली. बंद पाकीट म्हणजे नीट बंद केलेलं पाकीट, हे तिलाही त्याच घरातून आलं होतं. मोडलेलं काही दिसलं की ते पहिल्यापेक्षा बरं करून परत द्यायचं, यात गुन्हा असतो हे त्या गाळ्यात कोणाला माहीत असणार? चार वर्षं यंत्रांचे हिशेब शिकलेल्या पोरीनं ते लाल कोपरे बघितले आणि तिला वाटलं, आता समुद्रापार काही होत नाही यांना. सकाळी टपाल कचेरीत तिनं अर्जाचं मोठं पाकीट दिलं, तिन्ही आत घालून. अब्बा बरोबर आले होते. शिक्का मारणाऱ्याला ते दोनदा म्हणाले, जरा हळू मारा.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अमेरिकेहून परत आलेली तिची तिन्ही पाकिटं होती, लाल कोपऱ्यांची, आता वरून कात्रीनं कापलेली. सोबत विद्यापीठाचं पत्र. तिन्ही शिफारसपत्रं एकाच हातानं उघडून पुन्हा बंद केलेली दिसतात, सबब हा अर्ज आम्ही विचारात घेतलेला नाही, असा त्याचा मतलब होता.

"चिंध्या लावल्यात वर," सर म्हणाले. "लपवायचं तरी नीट."

एका पाकिटाचा डिंक सुटला होता, असं सानिया सांगू लागली. मग बाकीची दोन का उघडली, असं सरांनी विचारलं. याला उत्तर होतं, पण ते त्या खोलीत उभं राहण्यासारखं नव्हतं. सर तसे दुष्ट नव्हते. त्यांनी वाटही दाखवली.

"हे तू केलेलं नसशील, तर ज्यानं केलं त्याला उद्या घेऊन ये. माझ्यासमोर लिहून देऊ दे. मी तिकडे कळवतो. मग बघू काय होतं ते."

सानियाला अब्बा दिसले. ते आले असते. पहिल्या एसटीनं आले असते, ईदचा कोट घालून. वाटलंच तर नमुन्याला एखादं रजिस्टर काखेत मारून. अमेरिकेहून आपल्या कामाची विचारणा झाली म्हणून खुशीत, निळ्या नखांचा हात टेबलावर ठेवून त्यांनी सांगितलं असतं, होय साहेब, माझंच काम, कसं झालंय? आणि मग सरांनी त्यांना सांगितलं असतं, कसं झालंय ते.

"मीच केलं, सर," सानिया म्हणाली.

"वाचायला?"

"हो."

सरांनी मान हलवली. यापुढे आपल्याकडे पत्र मागायला येऊ नकोस, असं सांगितलं, आणि पाकिटातून आपलं पत्र काढून टेबलावर पसरलं. एवढं काय बघायचं होतं तुला यात, असं काहीतरी ते म्हणत होते. पत्राचं तोंड त्यांच्याकडे होतं. सानियाला त्यानं फरक पडत नव्हता. तिनं ते चार ओळींचं पत्र उलट्या बाजूनंच वाचून संपवलं. ते झेरॉक्स होतं. हा विद्यार्थी कष्टाळू आणि शिस्तीचा आहे, त्याला आमच्या शुभेच्छा. नावाची जागा मोकळी सोडलेली, आणि तिथं पेनानं भरलेलं, सानिया. खाली शाखेचं नाव छापील होतं, इलेक्ट्रिकल.

मंचरपासून जुन्नरपर्यंत तळहात दाबून आणलेली वस्तू ती ही.

घरी तिनं सांगितलं की जागा थोड्या होत्या, मुलं फार होती. हाजराबी चुलीपाशी गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. अब्बा खळ ढवळत होते. त्यांनी एकच विचारलं.

"आपली पाकिटं धड पोचली का?"

"पोचली, अब्बा. एकही कोपरा दुमडला नव्हता."

"मंग ठीक. आपल्याकडून कसर न्हाई ऱ्हायली."

आणि पुढची कित्येक वर्षं दुकानात आलेल्या प्रत्येक तलाठ्याला, ग्रामसेवकाला अन्सार सांगत राहिला की राव, पोरीचं जमलं न्हाई, पण आपलं काम अमेरिकेला पोचलंय. एक कोपरा दुमडला न्हाई. सानिया घरात असली तर तो तिच्याकडे बघायचा, आणि ती मान डोलवायची. हे मान डोलवणं तिच्या अंगवळणी पडलं. दर डिसेंबरला तो जाड कागदाची तीन पाकिटं नवी करून तिच्यापुढे ठेवायचा, लाल कोपऱ्यांसकट. यंदा नको, अब्बा, असं म्हणून ती पाकिटं पेटीत टाकायची. २००५ साली त्याची नजर गेली तेव्हा पेटीत अठरा पाकिटं होती.

तोवर ती नाशिक रस्त्यावरच्या एका खाजगी कॉलेजात शिकवू लागली होती. पोरापोरींना शिफारसपत्रं लागायची, आणि त्यासाठी सगळी सानिया मॅडमकडेच यायची. मॅडम प्रत्येकाला वेगळं, पानभर पत्र देतात, असा बोलबाला झाला होता. कोणी कुठलं मशीन मोडलं आणि कोणी ते दुरुस्त करताना काय शोधलं, हे त्यांना आठवायचं.

राजुरीची अमृता पत्र घ्यायला आली त्या दिवशी मॅडमनी कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि शिपायाकडून ऑफिसातली डिंकाची बाटली मागवली. पाणचट डिंक बोटानं झाकणावर दोनदा ओढला, आणि कुणी नंतर हात लावल्यासारखं दिसू नये म्हणून झाकण मुद्दाम तिरकं दाबलं. एका कोपऱ्यात सुरकुती पडली, डिंकाचा ओघळ बाहेर आला. त्यावर त्यांनी घाईघाईत सही केली.

"मॅडम, वाकडं बसलंय," अमृता चाचरत म्हणाली. "माझे वडील शिंपी आहेत. पिशवी शिवून देतील वरून, चांगली."

सानियानं पाकीट दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"वडलांना हात लावू देऊ नकोस," ती म्हणाली. "आणि का, ते विचारू नकोस. त्यांना सांगूही नकोस."