दाराबाहेर ठेवलेला सोटा

मित्रांनो, मी एक सोटा आहे. जुना म्हणायचं तर म्हणा. नक्की वय मला सांगता येणार नाही, कारण माझ्या जगात कपातला चहा निवायच्या आत दिवस मावळतो. तुमची एक रविवार दुपार होते, तेवढ्यात आमचे कितीतरी दिवस उलटून जातात. माझ्या या जगाला तुम्ही गेम म्हणता. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळूनही विशेष काही उलगडलं नाही.

माझा जन्म झाडापासून झाला, हे मात्र मला आठवतं. समुद्राकाठी एक माणूस नुसत्या चड्डीवर उभा होता. त्याच्या डोक्यावर हवेत 'सुगत' अशी अक्षरं तरंगत होती, त्यामुळे नाव विचारायची वेळ आली नाही. त्याचं तोंड हलत नव्हतं, पण आवाज आकाशातून येत होता. त्या आवाजामागे कुकरच्या शिट्ट्या आणि ट्रकचे हॉर्न ऐकू येत. ट्रक म्हणजे काय ते मी अजून पाहिलेलं नाही, पण तो फार चिडका प्राणी असावा.

दुसरा आवाज त्याच्या मुलीचा, तृप्तीचा होता. तिने त्याला समोरच्या झाडाला बुक्के मारायला सांगितलं. सुगत तसाच उभा राहिला.

"झाड कोनाचं हाय पन?" त्याने विचारलं. "वनखात्याचा मानूस आला तं?"

"बाबा, इथं वनखातं नाई. मारा तुम्ही."

त्याने चारी बाजूंना पाहिलं आणि मग बुक्के मारले. झाड पडलं, नाहीसं झालं, आणि त्याच्या हातात मी होतो. एवढ्या मोठ्या झाडाचा उरलेला भाग कुठे गेला, हे मी आजही स्वतःला विचारतो.

ऐकता ऐकता मला या दोघांची हकीकत कळली. सुगत लाखनीला कारकून होता. तृप्तीने स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करावा, साहेबीण व्हावं, असं त्याने ठरवलं होतं. ती मधूनच अभ्यास सोडून पुण्याला गेली आणि अशाच खेळांतले डोंगर आणि झाडं काढायच्या नोकरीला लागली. तेव्हापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं 'जेवली का' आणि 'हो' एवढ्यावर येऊन थांबलं होतं. अखेर तृप्तीच्या आईने, हर्षाने, तोडगा काढला. पोरगी दर रविवारी दुपारी त्या खेळात असते, घरी तिचा जुना कॉम्प्युटर पडला आहे, तर तुम्हीच जा तिथे, असं ती नवऱ्याला म्हणाली. सुगत आला तो सोयरीक जुळवायला आल्यासारखा, अवघडून.

तृप्ती त्याला शिकवू लागली, आणि त्याच्या हातात असल्यामुळे मीही शिकलो. मित्रांनो, तुम्ही नवे असाल तर ध्यान द्या. पहिली गोष्ट दम. खाली एक पिवळी पट्टी दिसते, तो तुमचा दम. धावलं, मारलं, ढाल पुढे केली की तो घटतो, आणि संपला की माणूस भर लढाईत पुतळ्यासारखा उभा राहतो. म्हणून दोन घाव घालायचे, मागे सरायचं, दम भरू द्यायचा, मग पुन्हा जायचं. ओल्या अंगाने लढायचं नाही, दम लवकर भरत नाही. दोन शत्रू असतील तर मागे मागे येत एकाला वेगळं काढायचं. ढाल आधीपासून धरून बसायची नाही. समोरच्याचा हात उठला की पुढे करायची. आणि भांडणाला उपाशीपोटी जायचं नाही. या शेवटच्या बाबतीत सुगतला काहीच शिकवावं लागलं नाही.

बाकी सगळं अवघड होतं. सुगत मूळचा कोंढ्याचा, लहानपणी बापाबरोबर धानाची राखण केलेला. रानडुक्कर दिसलं की काय करायचं ते आपल्याला ठाऊक आहे, असं तो म्हणाला. त्याने मला डोक्यावर उंच धरलं आणि 'हुर्र, हुर्र' असा आवाज काढत डुकराच्या अंगावर धावून गेला. कोंढ्याचं डुक्कर एवढ्याने धानाची बांधी, म्हणजे शेत, सोडून पळतं म्हणे. आमच्या डुकराला तो रिवाज माहीत नव्हता. ते सरळ आलं, आणि सुगत मेला.

मरण ही गोष्ट मला तेव्हा नवीन होती. त्याच्या अंगावरचं सगळं एका गाठोड्यात जमिनीवर पडलं, त्यात मीही. मी दुःख करावं की नाही हे ठरवत होतो, इतक्यात सुगत पुन्हा चड्डीवर धावत आला आणि त्याने गाठोडं उचललं. इथली रीतच अशी आहे. मेलेला माणूस आपल्या घरच्या पलंगावर जागा होतो, आणि त्याचं सामान जिथे मेला तिथे पडून राहतं. घरी पलंग नसेल तर मात्र थेट समुद्राकाठी, पहिल्या दिवसासारखं.

तो पुष्कळदा मेला. माझ्या अंगावर चिरा पडल्या. तृप्तीने मला तिने इथे बांधलेल्या घरातल्या कामाच्या ओट्यावर ठेवून हातोडी चालवली, आणि चिरा मिटल्या. खर्च काही नाही, सामान लागत नाही, तरी लोक हत्यार मोडेपर्यंत वाट का पाहतात ते तिलाही कळत नव्हतं. पुढे तिने बापासाठी हरणाच्या कातड्याचे बूट केले, ढाल केली, माझ्या टोकाला लोखंडाची कडी बसवली. लाखनीच्या बाजारात मिळणार नाही असा डंडा आहे, असं सुगत म्हणाला. ते माझं पहिलं कौतुक. त्या दिवसांत ती त्याला आपल्या कामाचंही थोडंफार सांगे. धुक्यातला डोंगर निळा का दाखवायचा, वगैरे. तो 'अस्सं' म्हणे, आणि पुन्हा विचारे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा दाराशी झाला.

सुगत घरात शिरताना बूट काढायचा. मित्रांनो, या खेळात बूट काढणं सोपं नाही. पिशवी उघडायची, बूट निवडायचे, अंगावरून उतरवायचे, मग जमिनीवर टाकायचे. एवढं करून तो ते बाहेरच्या ओसरीवर ठेवायचा, वर ढाल ठेवायचा आणि बाजूला मला. काठी घेऊन घरात कोण जातं, असं त्याचं म्हणणं. मी बाहेर पडून विचार करायचो की माझं काय चुकलं.

एकदा तो असाच आत बसलेला असताना दलदलीतले चिखलाचे राक्षस घरावर आले. सुगत त्यांना चिखल्ये म्हणायचा. ते भिंत फोडून आत घुसले, आणि आत तो अनवाणी, रिकाम्या हाताचा. तृप्ती लांबून धावत आली, पण तोवर तो मेला होता आणि तिचा पलंगही मोडला होता. मागोमाग तीही मेली, आणि तिला थेट समुद्राकाठून चालत यावं लागलं.

मग तिने विचारलं, बूट काढता कायले. घरात पायताण घालून जाऊ का, असं तो म्हणाला. हे घर नाही, नुसतं सामान ठेवायचं ठिकाण आहे, असं तिने त्याला समजावलं. इकडे आकाशात एक ट्रक बराच वेळ ओरडत होता.

"पुढच्या रविवारी तुमचे बूट बाहेर दिसले, तं मी येनार नाई बाबा," ती म्हणाली. "मंग एकटेच खेळा."

आठवडाभर सुगत एकटा येऊन भिंत बांधत राहिला. तिचा पलंग त्याने पहिल्यापेक्षा मोठा केला. हर्षाचा आवाज मध्येच यायचा. पोरगी आली नाही तर पुन्हा 'जेवली का' वर येऊन बसाल, तेव्हा तेवढे बूट राहू द्या पायात, असं ती बजावायची. तो 'हो' म्हणायचा.

रविवारी तृप्ती आली, पलंग पाहून 'बरा आहे' म्हणाली आणि नव्या पलंगावर थोडं पडून मग लोखंड आणायला दलदलीत गेली. सुगतला तिने घर राखायला ठेवलं. तो बूट घालून आत बसला. चुलीपासून शक्य तितका दूर, भिंतीला चिकटून, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा. थोड्या वेळाने तो उठला. तृप्ती दूर होती. तो बाहेर आला, पिशवी उघडली, बूट काढले, ओसरीवर ठेवले, वर ढाल, बाजूला मी. ती यायच्या आत घालू, असं पुटपुटत तो आत गेला. मला वाटलं, हा माणूस आपलं नुकसान इतक्या नीट मांडून का ठेवतो?

तेवढ्यात आकाशातून तृप्ती ओरडली. "बाबा, चार जनं हायेत. मेली मी."

सुगत धावत बाहेर आला. माझ्यावरून, बुटांवरून, ढालीवरून उडी मारून तो तसाच अनवाणी दलदलीकडे सुटला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. मला हाक मारता येत नाही, हे आमच्या जातीचं दुर्दैव.

मागे घरात तृप्ती नव्या पलंगावर जागी झाली आणि चड्डी-बनियनवर दारात आली. तिथे थांबली. समोर बूट, ढाल आणि मी. ती इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं ती पुण्याला उठून गेली. आता तिच्या डोक्यावरची अक्षरं विझणार आणि सगळं संपणार, एवढं मला कळलं.

आकाशातून सुगतचा आवाज येत होता. "हुर्र. हुर्र. तृप्ती, तुझं गाठोडं मी सोडत नाई. तू ये हळूहळू."

तृप्तीने बापाचे बूट पायात घातले. ढाल घेतली. मला उचललं.

दलदलीत सुगत तिच्या गाठोड्यावर पाय रोवून उभा होता. दोन्ही हात वर, दम संपलेला, अंगभर चिखल, आणि भोवती चार चिखल्ये. कोंढ्याच्या बांधावर तो असाच उभा राहत असेल. का कोण जाणे, चिखल्ये थोडे घुटमळत होते. तृप्तीने एकाला वेगळं काढलं. दोन घाव, मागे, दम. दोन घाव, मागे, दम. शेवटच्याच्या डोक्यात बसलो तेव्हा मी मधोमध मोडलो. दुखलं नाही. नुसतं लाल झालो, इथे मोडलेलं हत्यार तसं दिसतं.

तिचं गाठोडं उचलून दोघं परत निघाले. मग सुगतच म्हणाला, "तू ओरडली, तं बुटाचं ध्यानच नाई राह्यलं."

"पन काढले कायले होते? हे घर नाई, सांगतलं होतं ना."

"तू येते ना इथं," तो म्हणाला. "मंग घरच झालं."

दार आलं. तिने त्याचे बूट काढून त्याला दिले, त्याने ते ओसरीवर ठेवले, वर ढाल, बाजूला मी. मग माझ्या कानावर पुन्हा तोच खटखट आवाज आला. पिशवी उघडल्याचा, काही जमिनीवर टाकल्याचा. गाठोड्यातले तिचे लोखंडी बूट त्याच्या बुटांशेजारी येऊन पडले. ती अनवाणी आत गेली.

मित्रांनो, हत्यार वापरलं की लगेच दुरुस्त करा. मोडेपर्यंत थांबू नका. ओट्यावर ठेवून चार ठोके मारायला कितीसा वेळ लागतो. मी अजून मोडकाच आहे. किती दिवस मावळले ते मोजलेलं नाही. आतून डोंगर, निळा रंग, पुण्याची खानावळ आणि कुठल्याशा साहेबाच्या नकला असं काहीबाही ऐकू येतं, आणि मध्येच हर्षा विचारते की जेवायचं आहे की नाही. मला यातलं फारसं कळत नाही. पण त्यांचं संपेपर्यंत मला दुरुस्त करायची घाई नाही.